सायकॉलॉजी, कर्ज आणि पगार: बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

कारेलीबागवाली
काल शेजारच्या वहिनी फॉर्म घेऊन आल्या. लेकीला सायकॉलॉजी करायचंय, बाहेरगावच्या खासगी युनिव्हर्सिटीत. कर्ज १० लाख, जामीनदार म्हणून माझी सही हवी. "तुम्ही त्याच लाइनीतल्या ना, पुढे किती मिळतं तुम्हाला माहितीच आहे." माहितीय म्हणूनच तर पेन उचलवेना.

मी एम.ए.साठी ६ लाख काढले होते. पहिली नोकरी शाळेत समुपदेशक, पगार १८ हजार, हप्ता १० हजारांच्या घरात. केबिन म्हणजे जिन्याखालची खोली, अर्धी व्हॉलीबॉलच्या नेटने भरलेली. त्यात बसून पोरांना सांगायचं, बाळा टेन्शन घेऊ नकोस. आणि पाच तारखेला बँकेचा मेसेज आला की आपल्याच पोटात गोळा. शाळेला बोर्डासाठी समुपदेशक कागदावर हवी होती, त्यामुळे निम्मे तास मी गैरहजर बाईंचे वर्ग सांभाळले.

कर्ज काढून किंवा न काढता हे शिकलेल्यांनी लिहा. आकडे लिहा हं, पॅशन वगैरे नको.

दांडियाबाजारचा दादा
जामीन राहू नकोस ताई. आमच्या आजोबांनी एकदा सही केली होती, अजून घरात त्यावरून भांडणं होतात 😄

मांजलपूर_मम्मी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मुलीने इथल्या एम.एस. युनिव्हर्सिटीतूनच केलं बी.ए. आणि एम.ए. दोन्ही. घरून स्कूटीवर जायची, फी एवढी कमी की कर्जाचा विषयच निघाला नाही. आता एका एनजीओत आहे. पगार सांगण्यासारखा नाही पण सगळा तिचाच. नातेवाईक अजून विचारतात "ती सायकोचं करते ना?" काय बोलणार.

ओपीडीतून
मी क्लिनिकलवाली. एक गोष्ट प्रॉस्पेक्टसमध्ये बारीक अक्षरातही नसते. एम.ए. झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते, आणि ती माझ्या वेळी दोन वर्षांच्या एम.फिल.नंतर मिळायची, हॉस्पिटलात वॉर्ड करून. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गेलं, क्लिनिकलला २०२५-२६ पर्यंत मुभा होती. तेव्हा आता ज्या कोर्सला पैसे भरताय त्याला मान्यता आहे का, हे आरसीआयच्या साइटवर स्वतः बघा, कॉलेजच्या माणसाला विचारू नका.

बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत एम.फिल.ला उलट विद्यावेतन मिळायचं, पण जागा मोजक्या. खासगीत लाखांनी फी. मी बी.ए., एम.ए. स्वस्तात उरकून कर्ज फक्त या शेवटच्या टप्प्यासाठी काढलं. नोंदणीआधी मला १५ हजारांची ऑफर होती, नंतर त्याच शहरात तिप्पट. बाकी जोडीला संध्याकाळची प्रॅक्टिस. तिला बस्तान बसायला वर्षं लागली, बडोद्यात लोक पहिल्या सेशनलाच विचारतात, "किती वेळा यावं लागेल, पॅकेज आहे का?"

मकरपुरा_एचआर
पॅकेज 😂😂 खरंय. मी बी.ए. सायकॉलॉजी, मग एच.आर.मध्ये एम.बी.ए., आता जी.आय.डी.सी.त, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. पगार बरा. पण सायकॉलॉजीचा उपयोग म्हणाल तर युनियनच्या मीटिंगमध्ये गप्प बसायला. कर्ज एम.बी.ए.चं होतं, तेही फिटलं.

निवृत्त बँकवाला
३० वर्षं कर्जविभागात होतो म्हणून लिहितो. १० लाख, १० टक्के, १० वर्षं, हप्ता १३,२१५ रुपये. एकूण १५ लाख ८६ हजारांच्या आसपास जातात. त्यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. हप्ता कोर्सनंतर साधारण वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तेवढं तरी दरमहा भरत जावं.

दुसरं, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, सरकारच्या क्रेडिट गॅरंटी योजनेत बसलं तर तिऱ्हाइताची सहीही लागत नाही, आईवडील सहकर्जदार पुरतात. वहिनींना विचारा, रक्कम खाली आणता येते का. हॉस्टेल, लॅपटॉप सगळं कर्जात घालतात लोक.

रावपुरा १९६८
शिक्षणाला पैसा द्यावा तर सयाजीरावांनी. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते महिना ११.५ पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षं. अट काय, तर परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी.

दांडियाबाजारचा दादा
आणि १९१७ ला आले तेव्हा याच गावात राहायला जागा मिळाली नाही, तेही लिहा काका.

रावपुरा १९६८
लिहिलं पाहिजे, बरोबर. त्यानंतर बाबासाहेबांनी जिथे संकल्प केला ती संकल्पभूमी कमाटी बागेत आहे, नव्या पोरांना दाखवा.

भाचीचा मामा
आमची भाची न्यू जर्सीत. तिथेही नुसत्या बॅचलरवर लायसन्स नाही, पुढे डॉक्टरेट. पीएच.डी.ला बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड, साय.डी.ला (प्रॅक्टिसवर भर असलेली डॉक्टरेट) मात्र बहुधा खिशातून. तिला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता, साय.डी.चं कॉलेज नावाजलेलं म्हणून ताई, म्हणजे तिची आई, हट्ट धरून बसली होती. जावईबापूंनी कागदावर बेरीज मांडली, ताईने चहा टाकला, विषय संपला. इकडे एजंट लोक हा फरक सांगतच नाहीत.

कारेलीबागवाली
@बँकवाले काका, साडेसात लाखांचं माहीत नव्हतं हो. आणि ८० ई, ती शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत, घेता येते का अजून? माझं कर्ज अजून दोन वर्षं आहे.

निवृत्त बँकवाला
येते, पण जुन्या करप्रणालीतच. फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. रकमेला मर्यादा नाही, परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं.

मांजलपूर_मम्मी
काका गृहकर्जाचं पण सांगा ना थोडं

दांडियाबाजारचा दादा
वेगळा धागा काढा वहिनी. आणि काका, शनिवारी सेव-उसळ तुमच्याकडून, एवढी फुकट सल्लामसलत चाललीय ती वसूल होऊ दे.

निवृत्त बँकवाला
सल्ला मी द्यायचा आणि उसळही मीच? कारेलीबाग, व्याजाच्या सर्टिफिकेटसाठी मार्चअखेरीस शाखेत जाऊ नकोस, गर्दीत कुणी वर बघत नाही. आधी नेटबँकिंगमध्ये शोध, नाही सापडलं तर व्यनि (खासगी मेसेज) कर.