एनर्जी एफिशियंट ऑफिस बिल्डिंग खरंच महाग पडते का?

पूर्वपश्चिम: चार मजली ऑफिस बिल्डिंगचं काम हातात आहे, पहिल्याच मीटिंगला मालक म्हणाले की ते ग्रीन वगैरे नको, बजेट नाही. माझं मत एकदम उलटं आहे. बिल्डिंगच्या लांब बाजूंची तोंडं उत्तर आणि दक्षिणेला ठेवली आणि पश्चिमेला जिना, लिफ्ट, टॉयलेट टाकले तर सिमेंट तेवढंच लागतं, विटा तेवढ्याच लागतात, पण दुपारचं ऊन माणसांच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. लोक प्लॅन फायनल करून मग महागड्या मशिनी शोधत बसतात, तिथेच पैसे जातात.

रोखठोक: कागदावर छान आहे हो. प्लॉट तुमच्या सोयीने वळत नाही, रस्ता पश्चिमेला असेल तर दर्शनी भाग तिकडेच येणार आणि भाडेकरूला समोर काचच हवी असते. शिवाय डबल ग्लास, छताचं इन्सुलेशन याचा खर्च बांधणाऱ्याने करायचा, बिल मात्र भाडेकरूचं कमी होणार. मी बांधणारा, मला त्यात काय मिळालं?

खिडकीजवळची: मी अशा काचेच्या ऑफिसात पश्चिमेच्या खिडकीला बसायचे. तीन वाजले की स्क्रीन दिसेना, मग पडदे खाली आणि पडदे खाली म्हणून दिवसाढवळ्या सगळे लाइट चालू, लाइटची गरमी परत एसीनेच बाहेर काढायची. खांद्यावर ऊन आणि पायावर गार हवा, रोज डोकं दुखायचं. ती काच नक्की कोणासाठी लावली होती ते मला आजही कळलेलं नाही.

टनेज: @रोखठोक तुम्हालाही मिळतं, बांधतानाच मिळतं. ऊन बाहेरच अडवलं की एसीचं टनेज, म्हणजे गार करायची ताकद, कमी लागतं, मग डक्ट, केबल, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर सगळंच लहान. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये हेच केलं, 6,500 च्या वर खिडक्या तिथल्या तिथेच सुधारल्या, लोड, म्हणजे एसीने बाहेर काढायची गरमी, इतका उतरला की मोठे चिलर (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशिनी) घ्यायची वेळच आली नाही, जुनेच दुरुस्त करून चालवले. पण आपल्याकडे एसीवाला एरियाला ठोकताळा लावून टन सांगतो आणि वर सेफ्टी म्हणून आणखी चढवतो, डिझाइन सुधारलं तरी आकडा तोच राहतो. लोड नीट काढून घ्या एवढंच सांगणं आहे.

रोखठोक: टनेजचा मुद्दा मान्य, तो पैसा माझ्या खिशातला आहे. पण मग लाइट-एसी आपोआप चालवणाऱ्या ऑटोमेशनचं काय? सेन्सर लावतात आणि सहा महिन्यांत कोणीतरी सगळं मॅन्युअलवर टाकतं, मी स्वतः पाहिलंय.

टनेज: खरंय, म्हणून चालवणाऱ्या माणसाला शिकवलं नाही तर ते लावूच नका. एसीच्या पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, मात्र सोडू नका, वेग 20 टक्के उतरवला की वीज जवळपास निम्मी होते.

पूर्वपश्चिम: @रोखठोक पश्चिमेला रस्ता असेल तर आडव्या छज्जाचा उपयोग नाही, ऊन तिरपं खालून घुसतं, तिथे उभे फिन्स, म्हणजे खिडकीबाहेर उभ्या पट्ट्या, लावायचे आणि काच कमी करायची. मी आता जिना पश्चिमेला घेऊन दुसरा प्लॅन काढतोय, दोन्हींचा लोड शेजारी ठेवून मालकांना दाखवणार.

रोखठोक: दाखवा, पण जिना रस्त्याच्या बाजूला गेला तर मेन एन्ट्री कुठून देणार ते आधी ठरवा, मालक पहिला प्रश्न तोच विचारतील.