प्रदर्शनांत गोधड्या विकून घर चालतं का? हिशेब बघून सांगा

सुईदोरा:

मंडळी, नोकरी सोडून गोधड्यांच्या मागे लागले त्याला आता काही वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. कापड निवडणं, तुकड्यांची मांडणी, कडा हे माझं काम. धावदोरा गावातल्या चार बायका घरी बसून घालतात, नगावर मजुरी घेतात. सोबत दुपटी, बटवे, कापडी बाहुल्याही करते. माल जवळजवळ सगळा पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतून जातो. स्टॉलवरच्या गर्दीचे फोटो बघून नातेवाईक म्हणतात, मजा आहे बाई तुझी. म्हणून एका प्रदर्शनाचा हिशेब इथे उघडाच मांडते.

पुण्यात मंगल कार्यालयातलं, शुक्रवार ते रविवारचं. विक्री 46,000. विकलेल्या मालाचं कापड आणि मजुरी 24,000. स्टॉलचं भाडं 12,000. गाडीभाडं आणि राहणं मिळून 5,500. मदतीला नेलेल्या मुलीचे पैसे, जेवण, चहा 2,000. उरले 2,500. यात माझी मजुरी कुठेच नाही. हे बऱ्यापैकी चाललेलं प्रदर्शन होतं बरं का. वाईट असतं तेव्हा भाडंही घरून जातं.

सगळ्यात अडतं ते मोठ्या गोधडीपाशी. कापड 900, टाक्यांची मजुरी 1,200, विकते 3,200 ला. शेजारच्या स्टॉलवर मशीनवर शिवलेली, छापील कापडाची रजई 900 ला असते आणि वर पाटी 'हस्तकला'. आयोजकांना सांगून उपयोग नसतो, त्यांना भाड्याशी मतलब. गिऱ्हाईक गोधडी उलगडतं, मागची बाजू बघतं, गालाला लावतं आणि म्हणतं, "अहो, आमची आजी घरीच शिवायची, जुन्या लुगड्यांची." मग बटवा घेऊन जातं. 150 चा.

वर्षाचं गणितही विचित्र आहे. पावसाळ्यात प्रदर्शनं जवळपास बंद, पण दसरा-दिवाळीचा माल तेव्हाच तयार व्हावा लागतो. म्हणजे कापडाला आणि मजुरीला पैसे आषाढ-श्रावणात लागतात, हातात येतात आश्विनात. शिवाय दमट हवेत रचून ठेवलेल्या गोधड्यांना वास धरतो तो वेगळाच ताप. मधे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आयोजक स्टॉल स्वस्तात देतात, कारण कोणी नवीन वस्तू घ्यायला फिरकत नाही. स्वस्त म्हणून भुलू नका, नवीन येणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

तर मला विचारायचंय ते हे. यावर पोट चालवणारं कोणी इथे आहे का? म्हणजे नवऱ्याच्या पगारावर छंद नाही, खरंच पोट. प्रदर्शन भरण्याआधी ते चालेल की नाही कसं ओळखता? आणि सरकारी मेळ्यांत शिरायचा रस्ता काय? एका आयोजकांनी बाहुल्यांना आयएसआय मार्क आहे का असंही विचारलं, ते काय प्रकरण आहे?

माळरान:

ताई, मी बांबूकाम करतो, त्यामुळे सरकारी बाजू सांगू शकतो. पहिलं काम म्हणजे केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचं कारागीर ओळखपत्र काढा, त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. त्यांच्या मेळ्यांना अर्ज करायला तेच लागतं. दिल्ली हाटमध्ये कारागिरांना आळीपाळीनं 15 दिवस गाळा मिळतो, तिथेही याची विचारणा होते.

बाहुल्यांचं प्रकरण खरं आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यातून आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे. म्हणजे तुमच्यासाठी कार्डाचे दोन उपयोग.

मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी प्रदर्शनात, एकटीनं अर्ज करून जागा मिळत नाही. तुमच्या बायकांचा बचत गट 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, नोंदलेला हवा, मग तालुका-जिल्ह्यातून नाव पुढे जातं. गाव ग्रामपंचायतीत आहे ना? नगरपालिका हद्दीत असलात तर उमेदचा संबंध येत नाही.

पीएम विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची योजना बघा. तिच्यातल्या 18 व्यवसायांत शिंपी आहेत, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, 5 टक्क्यांनी. पावसाळ्यातलं भांडवल त्यातून सुटेल.

बाजारबुणगा:

कर्ज घेऊ नका एवढ्यात. 2,500 उरणाऱ्या धंद्यात हप्ता कुठून द्यायचा?

मी मातीचे दागिने विकते, घर त्यावरच चालतं. प्रदर्शनं भरपूर केली, आता मोजकी करते. माझा ठोकताळा असा, की वस्तूची किंमत तिच्या कापड-मजुरीच्या तिप्पट पडली पाहिजे आणि स्टॉलभाडं विक्रीच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहिलं पाहिजे. तुमचं भाडं चौथ्या हिश्श्याच्या वर गेलंय, कापड-मजुरी निम्म्याहून जास्त. मग उरायला राहिलं काय?

प्रदर्शन ओळखायचं तर आधीच्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून जा. लोकांच्या हातात पिशव्या किती आणि भेळेच्या कागदी डिश किती, ते बघा. आयोजक 'पब्लिक प्रचंड होतं' म्हणतात, ते खोटं नसतं, पण पब्लिक वडापावच्या रांगेत असतं. स्टॉलवाल्यांना रविवारी संध्याकाळी विचारा, शुक्रवारी नको. पुढल्या वर्षी परत येणार का, एवढंच विचारायचं. तोंड बघूनच कळतं.

सुईदोरा:

माळरान, खूप आभार. गाव ग्रामपंचायतीतच आहे, गटाचं बघते. कार्डाचा अर्जही करते.

बाजारबुणगा ताई, तिप्पट म्हणजे गोधडी 6,300 ला! 3,200 ऐकून लोक हात आखडता घेतात. आणि बायकांची मजुरी कमी करणार नाही, आहे तीच कमी आहे.

बाजारबुणगा:

मजुरी कमी करा असं कोण म्हणतंय? मंगल कार्यालयात 6,300 ची गोधडी जाणार नाही, हे मान्य. मग ती तिथे विकूच नका. एक सुंदर गोधडी टांगा, 'विक्रीसाठी नाही' लिहा, आणि ज्याची आजी घरी शिवायची त्याला विचारा, आजीची लुगडी अजून आहेत का कपाटात.

आहेत म्हणाला तर सांगायचं, ती घेऊन या, शिवून देते. कापड त्याचं, तुमचे 900 तिथेच वाचले. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची, म्हणजे पावसाळ्यातली मजुरीही त्यातूनच भागते. शेजारच्या 900 च्या रजईशी तुलना आपोआप संपते, कारण आईच्या साडीची रजई कुठल्या स्टॉलवर मिळत नाही. भाडं निघायला बटवे आणि दुपटी आहेतच. पहिल्यांदा आजी झालेल्या बायका दुपट्याला घासाघीस करत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सुईदोरा:

हे डोक्यात आलं नव्हतं असं नाही. दोघा-तिघांनी मागितलंही होतं. भीती वाटते ती कापडाची. वीस वर्षं कपाटात घडी पडलेली साडी, घडीवरच विरलेली. गेलेल्या माणसाची आठवण माझ्या हातात फाटली तर काय तोंड दाखवू?

माळरान:

माझी आई शिवते म्हणून सांगतो. साडी घेतानाच गिऱ्हाइकासमोर उजेडाकडे धरायची, घडीवर हलकं ताणून बघायचं. विरलेला भाग आतल्या थरात घालायचा, वर धड असलेला पदर आणि काठ. सिंगल गोधडीला तीन-चार साड्या पुरतात, त्यातली एक तरी चांगली असतेच. रेशमी असली तर घरी धुता येणार नाही हे आधीच सांगायचं. पावतीवर साडीची अवस्था लिहायची, फोटो काढायचा, सही घ्यायची.

आणि मुदत दुप्पट सांगा. लग्नसराईत आणि सुगीत टाके घालणाऱ्या बायका मिळत नाहीत, आईची ओरड दरवर्षीची.

सुईदोरा:

सुगीचं अगदी खरं, आमच्याकडेही ऊसतोडीत हीच गत. पावतीचा नमुना करून इथे टाकते, दोघं जरा नजर घाला. आणि ताई, टाक्यांची मजुरी 1,200 असताना नुसत्या शिलाईचे किती सांगू? 3,200 मधून कापडाचे वजा केले तर 2,300 होतात.

बाजारबुणगा:

3,600. आणि सांगून झाल्यावर गप्प बसायचं, लगेच स्वतःच कमी करायचे नाहीत.