ताशा वाजवतो, आता ड्रमसेटवर बसलोय. आधी कुणाला ऐकू: बॉनम की पीअर्ट?

शहापूरचा ताशेवाला:
मंडळी, गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवत आलोय. आता मित्राच्या जुन्या सेटवर रॉक शिकायलोय. आमच्यात रोज वाद. एक म्हणतो लेड झेपलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम, दुसरा म्हणतो रश बँडचा नील पीअर्ट. मी कुणापासून सुरू करू? हात चालतात, पण किकला (पेडलनं वाजवायच्या बास ड्रमला) पाय अडतो.

टिळकवाडीकर:
अरे, मोठा कोण हे सोड. तुला काय येत नाही ते बघ आणि त्यावरून ड्रमर निवड. तुझी तर्री (ताशावरची झरझर काडी) तयार आहे, पाय नाही. मग बॉनमच!

लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं लाव, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. बास ड्रमचे ठोके इतके झपाझप येतात की दोन पेडल असतील असं वाटतं. एकच आहे. हात विसर, फक्त पाय ऐक. मग १९७१ चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, खाली जिन्याच्या पायथ्याशी सेट मांडला आणि माईक वर जिन्यावरून टांगले. लय संथ आहे आणि दोन ठोक्यांमधली जागा तो भरत नाही. आपल्याला मिरवणुकीत जागा दिसली की भरायची सवय, म्हणून हेच जड जातं.

बॉनमच्याही आधी आठवडाभर चार्ली वॉट्स ऐकलास तर उत्तम. तो रोलिंग स्टोन्सचा ड्रमर, त्यांचे व्हिडिओ बघ की: स्नेअरवर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) मार पडतो तेव्हा त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचललेला असतो. तेवढ्यानं ठेका मोकळा होतो. कीथ मून तूर्त नको. द हू या बँडमध्ये तो गाणंभर फिल (ठेक्यामधल्या भरणीचे तुकडे) मारत राहतो. मला तो फार आवडतो, पण तुझे हात आणखी पुढे पळतील आणि पाय आहे तिथंच राहील.

खानापूरकर:
पीअर्टला असं बाजूला ठेवू नका. रशचं १९८१ चं ‘वायवायझेड’ ऐका. वायवायझेड हा टोरांटो विमानतळाचा कोड, तो मोर्समध्ये वाजतो, तोच सुरुवातीचा ठेका, ५ मात्रांत बसवलेला. झपताल मोजलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. शिवाय एवढं नाव झाल्यावर हा माणूस नव्वदच्या दशकात ड्रमचे शिक्षक फ्रेडी ग्रूबर यांच्याकडे नव्यानं शिकायला गेला, काडी धरायची पद्धतसुद्धा बदलली. शिकणाऱ्यानं ऐकावा असाच आहे तो.

टिळकवाडीकर:
मान्य, पण पाय बसल्यावर. मधे टोटो बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो घे, त्यांचं १९८२ चं ‘रोझाना’. डावा हात स्नेअरवर अगदी हलके ठोके पेरतो आणि ठळक मार तेवढाच वर येतो. ताशेवाल्याच्या मनगटाला हे लवकर जमेल. त्या ठेक्यात बर्नार्ड पर्डी हा ड्रमर आणि बॉनम, दोघांचीही छाप आहे.

शहापूरचा ताशेवाला:
मग वॉट्स, बॉनम, पोर्कारो, पीअर्ट. पेडलवर टाच टेकवू की उचलू?

टिळकवाडीकर:
आधी टेकवून, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, हलक्या आवाजात. ठोके सारखे पडायला लागले की टाच उचल, जोर तेव्हा येईल. पोटरी दुखली की थांब. आणि सुरुवातीला हात फक्त हाय-हॅटवर ठेव, टॉमकडे (सेटमधल्या बाकीच्या ड्रमकडे) नेऊ नकोस.