गेटजवळच्या बागेचं काय करायचं?

सेक्रेटरी दादा: रविवारच्या मीटिंगचा विषय – गेटजवळची बाग काढून पेव्हर ब्लॉक घालायचे. तीन गाड्या बसतील. मतं इथंच सांगा.

२०३: माझी हरकत नाही. रोज रात्री गाडी लावायला गल्लीभर हिंडायला लागतंय.

तळमजल्यावरच्या काकू: माझी आहे. बेळगावात आपली टिळकवाडी कशी वसलीय ते आधी बघूया की. सरळ आडव्याउभ्या गल्ल्या, मोठे प्लॉट, घर मागं आणि पुढं अंगण. गावातल्या गणपत गल्ली, खडेबाजारात दाराला दार लागून असतंय, तसं इकडं नाही.

३०१ (नवीन): मग सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावं कशी, काकू?

काकू: नावं पुण्याच्या पेठांसारखी, घडण मात्र बंगल्यांची. काँग्रेस रोडवरची विहीर बघून ये एकदा. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली. गांधीजी अध्यक्ष होते, आणि अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे.

अप्पा (१०२): व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडं आहेत म्हणून मी अजून सकाळी फिरायला जातो. नाहीतर रेल्वेच्या दुसऱ्या गेटपाशी फाटक पडलं की नुसता धूर.

काकू: आपली बिल्डिंग उभी आहे तिथं आमचा बंगला होता. मंगलोरी कौलं, पुढं पारिजातक. पाऊस लागला की पागोळ्यांचं पाणी लाल मातीत जिथल्या तिथं मुरायचं, अंगणात तळं कधी बघितलं नाही. शेजारच्यांनी सगळं आवार काँक्रीट केलं आणि गेल्या जुलैत आपल्या मीटररूममध्ये घोट्याएवढं पाणी. मी स्वतः बादलीनं काढलंय. उरलेली माती तेवढी आपल्या गेटजवळ आहे. ती झाकू नका.

२०३: ते पाणी तिकडनं आलं होय? मला गटार तुंबली वाटलं. पण काकू, गाडीचं काय करू? गेल्या महिन्यात आरसा कुणीतरी फोडून गेलं.

काकू: तुझं खरं आहे, बाळ. पंपाच्या खोलीमागं जुने दरवाजे, फरशा, पत्रे पडलेत ते काढा. दोन गाड्या तरी बसतील.

अप्पा: त्यातले दोन दरवाजे माझे. शनिवारी हलवतो.

दादा: उद्या सकाळी टेप घेऊन मोजतो. २०३, तुमची गाडी आणा, वळते का बघूया.