मेमरीला नावं द्यायची का? द्यायचीच!

आर्वीचा_कोडर: डेटाबेसवाल्यांनी मेमरी घेतानाच ती कशासाठी घेतली याचं लेबल लावलं पाहिजे, आपलं मत पक्कं आहे. इथं एका जिनिंगचा (कापसाच्या कारखान्याचा) हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसवर चालते, ऐन सीझनमध्ये एक कनेक्शन फुगत गेलं, लिनक्सनं त्या कनेक्शनचा प्रोसेस मारला अन् पोस्टमास्टरनं (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसनं) बाकी सगळ्यांचीही कनेक्शनं तोडली, वजनकाट्यावर गाड्यांची रांग! दुसऱ्या दिवशी पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन चालवलं (कनेक्शनची मेमरी कशात गेली ते लॉगमध्ये लिहिते; पोस्टग्रेस १४ पासून आहे, सहसा सुपरयुझर लागते) तं लॉगमध्ये कॅश्डप्लॅनसोर्सच्या (साठवून ठेवलेल्या क्वेरीच्या मेमरीच्या) ओळीच ओळी, प्रत्येकीपुढे क्वेरी छापलेली. ॲप लॉट नंबर थेट क्वेरीतच टाकून दर वेळी नवीन प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी) करत होतं अन् सोडत एकही नव्हतं. नावं नसती तं नुसता मोठा आकडा पाहून काय समजणार होतं?

परतवाडा_सी: काऊन बे, हे तं कॉन्टेक्स्टचं (एका कामाच्या मेमरी-तुकड्यांच्या गठ्ठ्याचं) नाव झालं, तू सांगून राह्यला प्रत्येक मेमरीला लावा म्हणून. पोस्टग्रेसच्या १६ व्या व्हर्जनमध्ये पॅलॉकनं (त्याच्या मेमरी देणाऱ्या फंक्शननं) दिलेल्या तुकड्याचा हेडर, म्हणजे पुढची नोंद, १६ बाइटवरून ८ वर आणला, त्यात नावाचा पॉइंटर घातला का परत १६. मंग ती मेहनत कायले केली?

आर्वीचा_कोडर: भाऊ, गाठीवर लॉट नंबर असते, सरकीच्या दाण्यावर नाही. मी गाठीचंच बोलून राह्यलो.

परतवाडा_सी: हाव, मंग वर "मेमरी घेतानाच" कोणी लिहिलं?

दारव्हा_डीबीए: मायएसक्यूएलचं पण ऐका. ५.७ मध्ये परफॉर्मन्स स्कीमाची (त्याच्या आतल्या मोजमाप ठेवणाऱ्या भागाची) मेमरीवाली बहुतेक मोजमापं बंदच यायची, ८.० पासून चालू येतात. प्रॉब्लेम झाल्यावर चालू केली तं आधी घेतलेली मेमरी त्यात दिसतच नाही, म्हणून लेबल पहिल्या दिवसापासूनच पाहिजे, खर्च किती ते नंतर पाहू.

परतवाडा_सी: "नंतर पाहू" म्हणणारे नंतर रॅम मागायला येतात 😀 अन् लायब्ररीनं परस्पर मॅलॉक केलेलं (सीच्या फंक्शननं थेट घेतलेली मेमरी) या लेबलात कुठं येते? लिनक्स ५.१७ पासून पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलनं मॅप केलेल्या, पण फाईलशी न जोडलेल्या मेमरीले नाव देता येते, प्रोकमधल्या प्रोसेसच्या मॅप्स फाईलमध्ये ते दिसते, पण तेही पूर्ण पट्ट्याले.

आर्वीचा_कोडर: पट्टा तं पट्टा, मले तेवढंही चालते. तुझ्याकडे दुसरा उपाय असन तं टाक, इथं सीझन सुरू आहे.