दर आठवड्याला व्हिडिओ टाकलाच पाहिजे का?

गवतीचहा
नवा मराठी यूट्यूबर कुणालाही सल्ला विचारायला गेला की एकच मंत्र मिळतो: कन्सिस्टंट राहा. रोज एक शॉर्ट, आठवड्याला दोन मोठे व्हिडिओ, वेळ ठरलेली, नाहीतर अल्गोरिदम रुसतो. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे हे काम करणारे बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून करतात. हातात एक मोबाइल, कॉलरला माइक आणि आठवड्यातला एक रविवार.

किल्ल्यांचं चॅनेल घ्या. पहिले दोन महिने राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड जोरात होतात. विषय संपत नाहीत, पण वेळ संपतो. मग आधी काय गळतं? वाचन. पाण्याची टाकी कुठल्या काळातली, चोरदरवाजा नक्की कुठे उघडतो, हे शोधत बसायला फुरसत नसते. उरतं काय, तर वरून घेतलेले शॉट, ढोलाचं पार्श्वसंगीत आणि 'नमस्कार मित्रांनो'. दर रविवारी तेच, फक्त गडाचं नाव वेगळं.

लोक विसरतील म्हणता? विसरू द्या. चांगला व्हिडिओ शोधणाऱ्याला सापडतो. विश्रांती घेतली म्हणून चॅनेलला शिक्षा होत नाही, हे यूट्यूबची माणसंच जाहीरपणे सांगत आलीत.

बांधावरून
विसरू द्या म्हणणं सोपं आहे हो. पैशाचं गणित बघा. मोठ्या व्हिडिओंवर जाहिरातीचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी बघितलेले ४,००० तास लागतात. खरी मेख 'मागच्या १२ महिन्यांत' मध्ये आहे. माणूस सरासरी चार मिनिटं बघतो असं धरलं तर ६०,००० वेळा तुमचा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. तुम्ही थांबलात की नवे तास आटतात आणि वर्षापूर्वीचे रोज गळत राहतात. कमाई सुरू झाल्यावरसुद्धा सहा महिने काहीच टाकलं नाही तर यूट्यूब ती बंद करू शकतं. शिक्षा नाही म्हणे!

दुसरं म्हणजे सगळे विषय किल्ल्यांसारखे नसतात. लासलगावच्या कांद्याचा भाव सांगणारा माणूस एक दिवस चुकला तर त्याचा व्हिडिओ शिळाच. शेतकरी ट्रॅक्टर भरायच्या आधी बघतो. तो उद्या येईल का याचा भरवसा नसेल तर दुसऱ्या चॅनेलवर जातो, आणि गेला की परत येत नाही.

रेंडर_अडकला
मी लोकांचे व्हिडिओ एडिट करून देतो, त्यामुळे कच्चा माल बघायला मिळतो. गवतीचहा, तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट सुटतेय. सातत्य अल्गोरिदमसाठी नसतं, करणाऱ्याच्या हातासाठी असतं.

नव्या माणसाचा व्हिडिओ कसा असतो सांगतो. आधी लोगो फिरतो. मग ओळख. मग 'चॅनेलवर नवीन असाल तर'. मग आज आपण काय बघणार आहोत, ते दोनदा. आणि मागे पंख्याची घरघर, जी कितीही साफ केली तरी आवाज डब्यातून आल्यासारखाच येतो. त्याच्यासमोर प्रेक्षक कुठे सोडून गेले तो आलेख उघडायचा: सुरुवातीलाच रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली. हे एकदा बघून कळतं, पण अंगवळणी पडायला पुढचा व्हिडिओ लगेच करावा लागतो. चार महिन्यांनी केला तर लोगो पुन्हा फिरतो! वाचन करून वर्षाला दोन व्हिडिओ काढणाऱ्यांची माहिती उत्तम असते, बघवत नाहीत.

भाजणी
माझं रेसिपीचं छोटं चॅनेल आहे. आठवड्याचं वेळापत्रक मला कधी जमलं नाही आणि त्याने फार बिघडलंही नाही, कारण स्वयंपाकघर पंचांगावर चालतं. कुरडया-पापडांना ऊन लागतं, म्हणून वाळवणाचा व्हिडिओ होळीच्या आसपास आला पाहिजे. मे अखेर टाकून कुणाच्या कामाचा? उकडीच्या मोदकांचा जुना व्हिडिओ दर भाद्रपदात आपोआप वर येतो, मी बोटसुद्धा लावत नाही.

पण रेंडरदादा, नियमितपणा मीही पाळते, फक्त तो खाली कमेंटमध्ये असतो. दिवाळीच्या आधी रोज रात्री तोच प्रश्न: ताई, चकली तेलात विरघळतेय, काय करू? उत्तर बहुतेक वेळा एकच, मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी घालून पुन्हा मळा. ते उत्तर त्याच रात्री गेलं पाहिजे, कारण बाईची कढई गॅसवर आहे. दोन दिवसांनी दिलेल्या उत्तराचा काय उपयोग? या बायका पुढच्या वर्षी परत येतात त्या यासाठी, मी मंगळवारी व्हिडिओ टाकते म्हणून नाही.

बांधावरून
ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण पंचांगही वेळापत्रकच की. होळी कधी चुकते का?

ट्रायपॉड_विसरलो
टॉम स्कॉट नावाचा इंग्लंडचा यूट्यूबर आहे. २०१४ च्या १ जानेवारीपासून दहा वर्षं, दर आठवड्याला व्हिडिओ. आणि त्याचे विषय बघा, कुठल्या तरी देशातला पूल, बोगदा, विचित्र यंत्र. म्हणजे दर्जाही आणि वेळही, दोन्ही जमतं. ज्यांना जमत नाही ते दर्जाचं कारण पुढे करतात, असं माझं स्पष्ट मत.

गवतीचहा
त्याच टॉम स्कॉटने १ जानेवारी २०२४ ला थकल्याचं सांगून ती साप्ताहिक मालिका थांबवली, तेही लिहा की. शिवाय जगभर इंग्रजी बघणारा प्रेक्षक, त्यातून येणारा पैसा आणि पूर्णवेळ तेच काम. आपल्याकडचा माणूस सोमवारी सकाळी नऊला कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करतोय.

आणि वेळेचंच म्हणाल तर आपली दिवाळी अंकांची परंपरा बघा. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी वाचक वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टीची वाट बघतोय. कुणी विसरला?

रेंडर_अडकला
उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. दिवाळी अंक दिवाळीला आला नाही तर कोण घेतो? डिसेंबरात निम्म्या किमतीत मिळतो. शिवाय 'मनोरंजन' हे मासिक होतं, एरवीही निघत होतं.

लिंबूसरबत
मी फक्त प्रेक्षक. खरं सांगू का, कुणाचा व्हिडिओ कुठल्या वारी येतो हे मला माहीतच नसतं. समोर आला की बघते. पण 'आज विषय नव्हता म्हणून गप्पा मारूया' असा वीस मिनिटांचा व्हिडिओ आला की पुढचे दोन-तीन मी उघडतही नाही. रोज शॉर्ट टाकणाऱ्यांचा तर कंटाळा आलाय.

बांधावरून
शॉर्टवाल्यांसाठी माहिती: शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सची वाट वेगळी आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. आमच्या भागातली कितीतरी पोरं रोज शॉर्ट टाकतात आणि तास का वाढत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. त्यांच्या सातत्यात खोट काढायला जागा नाही.

गवतीचहा
मग माझं वेगळं काय म्हणणं आहे?

रेंडर_अडकला
वेगळं हे की तुम्ही वेळेचं बंधनच नको म्हणताय. मी म्हणतो आठवडा झेपत नसेल तर महिना घ्या, पण तारीख आधी सांगा. एका गडावर गेलात तर एका फेरीत चार भागांचं शूटिंग करा: टाकी, दरवाजे, वाट, इतिहास. महिनाभराची सोय होते.

गवतीचहा
एका फेरीत गड होत नाही हो. पावसाळ्यात टाकी भरलेली असतात, तळ दिसत नाही. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं तेव्हा जोती दिसतात. दोन्ही ऋतूंत जावं लागतं. तारीख सांगायची तर पुढच्या मे महिन्यातली सांगतो, चालेल?

रेंडर_अडकला
चालेल. मे म्हणजे किती तारीख?