मदत हवी आहे: चॅलेंजरची ओ-रिंग थंडीने गेली की जॉइंटच मुळात चुकला होता?

नमस्कार मंडळी,

मी भोसरीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे दिवसभर हातात ओ-रिंगाच (जोडातून गळती होऊ नये म्हणून बसवतात त्या रबरी गोल कड्या). पुतणीला कॉलेजच्या सेमिनारसाठी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचा (स्पेस शटल) अपघात हा विषय मिळालाय. पहिल्याच स्लाइडवर तिनं लिहिलं, 'थंडीमुळे रबर कडक झालं'. मी म्हटलं, बाई, एवढ्यावर भागत नाही. तर म्हणे, "मग काका, तुम्हीच शोधा." बसलो शोधत.

28 जानेवारी 1986, फ्लोरिडा. उड्डाणाच्या वेळी हवा जेमतेम 2 अंश. त्याआधीचं सर्वांत गार उड्डाण 12 अंशांच्या आसपासचं होतं. यानाला दोन बाजूंना घन इंधनाची रॉकेटं (बूस्टर) असायची, तुकडे जोडून बनवलेली. गळती उजव्या बूस्टरच्या तुकड्यांमधल्या सगळ्यात खालच्या जॉइंटला. तिथे 3.7 मीटर व्यासाच्या, पण फक्त 7 मिमी जाडीच्या दोन व्हायटॉन (एक प्रकारचं कृत्रिम रबर) रिंगा. इथवर ठीक.

काल रात्री व्हायटॉनची एक रिंग सी-क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात ठेवली. (चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी हेच करून दाखवलं होतं. माझा पेला स्टीलचा, एवढाच फरक.) क्लॅम्प सोडला तरी चपटा भाग तसाच. चिमटीत धरल्यावर बोटांच्या उबेनं सावकाश गोल झाला. म्हणजे थंडीचा मुद्दा खराच आहे.

पण आमच्याकडे दाब आल्यावर फट वाढू द्यायची नाही, हा पहिला नियम. फट वाढली की रिंग कुरतडली जाते. इथे तर 177 पिनांनी जोडलेला जॉइंट, पेट घेताच दाबानं केसिंग (बूस्टरचं बाहेरचं नळकांडं) फुगायचं, जॉइंट वाकायचा आणि अर्ध्या-पाऊण सेकंदात फट उघडायची! रिंगेनं तेवढ्यात तिचा पाठलाग करायचा. बूस्टरच्या उत्पादकाच्याच इंजिनिअरांनी आधीच्या वर्षी चाचणी घेतली होती: दाबलेली रिंग मोकळी केल्यावर 24 अंशांना पुन्हा टेकायला 2.4 सेकंद लागले, 10 अंशांना 10 मिनिटांत टेकलीच नाही. मग उबदार दिवशीही ती वेळेत पोचत नव्हतीच ना? की आतल्या गॅसचा दाब तिला फटीत ढकलायचा, म्हणून आधीची उड्डाणं निभावली? हे कुणी नीट समजावेल का?

दुसरा घोळ वेळेचा. 0.678 सेकंदाला जॉइंटमधून काळा धूर दिसला, मग सेकंदाला चारेक भपकारे, अडीच सेकंदांनंतर बंद. ज्वाळा दिसली ती थेट 58.788 सेकंदाला, आणि 73व्या सेकंदाला सगळं संपलं. सात जण होते आत. मधला जवळपास मिनिटभर फट कशानं बुजली होती? इंधनातल्या ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची मळी बसली असावी, असं म्हणतात. 37व्या सेकंदापासून वाऱ्याचे जोराचे झोत लागले, त्यांनी ती मळी निघाली असेल का? वारा शांत असता तर बूस्टर जळण्याची दोन मिनिटं निघाली असती?

जॉइंटच्या आतल्या फटीत भरायच्या झिंक क्रोमेट पुटीचं (लांबीसारखा लगदा) मला अजून कळलेलं नाही. तिच्यात भोकं पडून गरम गॅस एकाच जागी रिंगेवर यायचा, हे दिसतंय. मग पुटी होती कशाला?

नंतर जॉइंटला पकड देणारा ओठ, तिसरी रिंग आणि हीटर लावले, पुटीही काढली. म्हणजे नुसता हीटर लावून भागलं नाही, हेच मी पुतणीला सांगतोय. पण ती म्हणते, "काका, तुम्ही सिलिंडरवाले, रॉकेटवाले नाही."

सेमिनार सोमवारी आहे. घन इंधनाच्या मोटरवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. जॉइंटचा आडवा छेद हातानं काढून टाकलात तरी चालेल.